सहा सुतांचा फरक

शनिवार, ११ मे

आज माझ्या जुन्या पिकअप ट्रकचा हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर चढवला. दोन वर्षं गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे असलेले पत्रे एकदाचे गाडीवर गेले, आणि गेल्या गेल्या कळलं की ते वाकडे बसलेत.

गाडी शेवरलेट ३१००, १९५२ ची. १९४७ च्या उन्हाळ्यात कंपनीने हे रूप बाजारात आणलं आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवलं. गोलमटोल बोनेट, फुगलेली मडगार्डं, मागे ७८ इंच लांब आणि ५० इंच रुंद हौदा. मिशिगनमध्ये गंजाने खाल्ली नाही अशी जुनी गाडी मिळणं कठीण. बर्फ वितळायला रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकतात, ते सगळं खालून पत्र्याला लागतं. माझ्या गाडीची केबिन वाचली, इंजिन वाचलं, हौद्याची मात्र चाळण झाली होती. म्हणून हौदा पूर्ण नवा: बाजूचे पत्रे, पुढचा पत्रा, खालच्या आडव्या पट्ट्या, सगळं विकत आणलेलं. फाळका, म्हणजे मागची उघडणारी झडप, तेवढा मूळचा आहे. त्याच्यावर शेवरलेट हे नाव ठसठशीत उठवलेलं आहे, तो टाकवेना.

चौघांनी मिळून उचलला. मंडळातले दोन मित्र, शेजारचे आजोबा आणि मी. फळ्या अजून बसवल्या नव्हत्या, त्यामुळे नुसता सांगाडा, फार जड नाही. पण बायको व्हिडिओ काढत होती, म्हणून सगळ्यांनी चेहरे गणपती उचलल्यासारखे केले. चासीवर लाकडी ठोकळे आधीच ठेवले होते, त्यावर हौदा अलगद टेकला. टाळ्या झाल्या. पोहे झाले.

मंडळी गेल्यावर मी मागे उभा राहून बघितलं. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट उजवीकडे अंगठा सहज जाईल एवढी, डावीकडे करंगळी अडकते. मागे पुढे सरकवून पाहिला, पहारीने उचलून पाहिला. एक बाजू जुळली की दुसरी जाते. नऊ वाजता दिवा बंद केला आणि आप्पांना फोन लावला. तिकडे भारतात रविवार सकाळचे साडेसहा, त्यांचा पहिला चहा.

फोन गाडीच्या मागे धरून दाखवला. त्यांनी फट बघितलीच नाही. म्हणाले, "कोनाकोनी माप घेतलंस का?"

घेतलं नव्हतं.

रविवार, १२ मे

आप्पांची कराडला ट्रकची बॉडी बांधायची शेड होती. आपल्याकडे कंपनीकडून ट्रक यायचा तो नुसती चासी, इंजिन आणि समोरचा पत्रा एवढाच. ड्रायव्हर खोक्यावर बसून ती नागडी गाडी चालवत आणायचा. केबिन, हौदा, फाळके हे सगळं सुतार आणि लोहार मिळून जागेवर बांधायचे. मी लहानपणी त्या शेडमध्ये फक्त भुशात खेळलो आणि मोठेपणी संगणकाच्या नादी लागलो. त्यामुळे आता ७८ वर्षांच्या माणसाला सकाळी साडेसहाला उठवून विचारतो की बोल्ट कधी आवळायचा. (७८ हाच आकडा हौद्याच्या लांबीचा आहे हे त्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही गंमत वाटली नाही.)

कोनाकोनी माप म्हणजे पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्यात, आणि मग उलट. चारी कोपरे काटकोनात असले तर दोन्ही मापं सारखी येतात. माझा एक कर्ण ९३ इंच भरला, दुसरा ९२ इंच आणि २ सूत. सहा सुतांचा फरक.

सूत हा शब्द मी किती वर्षांनी वापरला. आठ सुतांचा एक इंच. मी इथे आल्यापासून मनात मिलिमीटर आणि टेपवर इंच असा गोंधळ घालत जगतो. आप्पांनी कधी मिलिमीटर मानलाच नाही. इंजिनिअर लोक मिलिमीटरमध्ये बोलतात आणि सुतार सुतात बोलतो, असं म्हणायचे. आता इथल्या दुकानातला टेप उघडला तर इंचाचे आठ भाग स्पष्ट आखलेले. आप्पांची भाषा या टेपला जशीच्या तशी लागू पडते. मी "नव्वद पॉइंट काहीतरी" म्हणायला लागलो की ते थांबवतात, "इंच सांग, सूत सांग."

हिशेब केला तर ५० गुणिले ७८ च्या बरोबर काटकोनी चौकटीचा कर्ण ९२ इंच ५ सूत यायला हवा, वर केसभर. माझ्या दोन मापांची सरासरी तेवढीच. म्हणजे लांबी-रुंदी बरोबर आहे, नुसती चौकट कललेली आहे. एक बाजू साधारण साडेतीन सूत पुढे गेली आहे.

कशी गेली, तेही आप्पांनी विचारून काढलं. मी जमिनीवर जुळवताना उजव्या बाजूचे सगळे बोल्ट आधी आवळले, मग डाव्या बाजूचे. पट्ट्यांची भोकं बोल्टपेक्षा मोठी, लांबट. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी चाल मिळत गेली आणि सगळी चाल एकाच दिशेने साठली.

"सगळे बोल्ट हाताने लाव. एकही पान्ह्याने नाही. माप घे, मग आवळ. आवळताना पण कोपरा इकडचा, मग तिकडचा." हे त्यांनी तीनदा सांगितलं. शेडमध्ये नव्या पोरांना सांगायचे तो आवाज.

मंगळवार, १४ मे

कामावरून आल्यावर दोन तास. सगळे बोल्ट सैल केले. लांब कर्णावर, म्हणजे ९३ इंचवाल्या कोपऱ्यांना, सामान बांधायचा दातेरी कुलपाचा पट्टा लावला आणि एकेक दाता ओढत गेलो. पत्रा कुरकुरला. टेप लावला, अजून दोन सूत. पुन्हा ओढला. चौकट दुसऱ्या बाजूला गेली. सोडला. असं करत सव्वानऊला दोन्हीकडे ९२ इंच ५ सूत आले. पट्टा तसाच ठेवून कोपरे आडवेतिडवे आवळले, पट्टा सोडला, पुन्हा मोजलं. तसंच राहिलं.

बायको दारात येऊन म्हणाली, "जेवायचं आहे की टेप चावायचाय?"

शनिवार, १८ मे

आज आप्पांशी चासीवरून वाद. मी विचार केला होता की ठोकळे काढून हौदा सरळ लोखंडावर लोखंड असा आवळून टाकावा, मजबूत होईल. ते जवळजवळ ओरडलेच. चासी रस्त्यावर पीळ खाते, हौद्याने तिला तो खाऊ दिला पाहिजे. म्हणून मध्ये लाकूड. त्यांच्या ट्रकांनाही चासी आणि बॉडीच्या मध्ये लाकडी पट्टी असायची आणि वरून यू-बोल्टने जखडायचे. चासीच्या वरच्या कडेला भोक पाडायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, कारण चीर तिथूनच सुरू होते. शेवरलेटच्या चासीला कारखान्यातूनच भोकं पाडलेली आहेत हे दाखवल्यावर म्हणाले, "त्यांनी पाडली ती त्यांनी हिशेब करून पाडली. तू पाडू नकोस."

ठोकळे राहिले. एका ठोकळ्याखाली दीड सुताचा रबरी तुकडा घालावा लागला, मागची उजवी बाजू खाली बसत होती. आता केबिन आणि हौदा यांच्यातली फट दोन्हीकडे सहा सूत. मागचं मडगार्ड लावून, त्याची आणि पायरीची रेघ जुळते का तेही पाहून घेतलं. आधी हे सगळं बघायचं आणि रंग शेवटी, हे मला माहीत होतं. तरी मी मडगार्डं हिवाळ्यात रंगवून मोकळा झालो होतो. आज डावं मडगार्ड बसवताना आतल्या कडेचा रंग वीतभर खरवडला. हिरवा रंग, खाली राखाडी प्रायमर, त्याखाली चकचकीत पत्रा. आप्पांना नाही दाखवलं.

शनिवार, २५ मे

आज फळ्या.

कारखान्यातून आली तेव्हा या गाडीच्या हौद्यात पाइनच्या साध्या फळ्या होत्या, काळ्या रंगवलेल्या. कोंबड्यांची खुराडी, खताची पोती, कुंपणाचे खांब वाहायची गाडी ती. आता जो उठतो तो ओकच्या फळ्या आणतो, आरशासारखं पॉलिश करतो आणि मग त्यावर भाजीची पिशवी ठेवायलाही घाबरतो. मला हा प्रकार मूर्खपणाचा वाटतो. मी ओकच आणला आहे. पॉलिश मात्र नाही, जवसाचं तेल. आप्पांचं मत बाभूळ. इथे बाभूळ कुठून आणू, म्हटल्यावर "मग ओक म्हणजे काय?" रंध्यातून निघालेली ढलपी कॅमेऱ्यासमोर धरली, मोडून दाखवली. आवाज ऐकून म्हणाले, "चालेल."

फळ्यांच्या कडांना खाच असते. दोन फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी बसते, तिच्यातून गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे बोल्ट खाली जातात. मान पट्टीच्या चौकोनी भोकात अडकते, म्हणून वरून धरायला पान्हा लागत नाही. एका माणसाने खाली झोपून नुसते नट फिरवायचे. साधी आणि हुशार रचना. फळी फळीला घट्ट भिडवायची नाही, लाकूड दमट उन्हाळ्यात फुगतं, त्याला जागा हवी. वरची पट्टी ती फट झाकते.

ओकमध्ये टॅनिन असतं, ते साध्या लोखंडी बोल्टला खातं आणि लाकडावर काळे डाग पाडतं. म्हणून मी सगळे बोल्ट स्टेनलेसचे आणले. तिथे मार खाल्ला. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट मशीनने झपाट्याने चढवला की आटे एकमेकांत घासून चिकटतात. चौथा की पाचवा नट अर्ध्यावर गेला आणि दगड झाला. पुढे नाही, मागे नाही. जोर लावला तर बोल्टची मान पट्टीत फिरायला लागली. शेवटी खाली झोपून ग्राइंडरने कापला, ठिणग्या थेट नव्या तेल लावलेल्या फळीखाली. मुलगी पाण्याची बादली घेऊन उभी. त्यानंतर प्रत्येक बोल्टला ग्रीस आणि नट हाताने. सगळी संध्याकाळ गेली. पाठ अशी धरली आहे की हे लिहिताना उभा आहे.

सोमवार, २७ मे

सुट्टी. इथल्या गावात परेड होती, आम्ही गेलो नाही. सकाळी शेवटच्या दोन फळ्या बसल्या. पट्ट्या बसल्या. मग हौदा चासीला धरणारे लांब बोल्ट, आडवेतिडवे, थोडे थोडे. एकदा शेवटचं कोनाकोनी माप: ९२ इंच ५ सूत, ९२ इंच ५ सूत.

आप्पांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या. त्यांना फोन पूर्ण हौद्यातून फिरवून दाखवला, खालूनही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अचानक सांगायला लागले की कामाला लागले तेव्हा शेडमध्ये एक जुना शेवरलेट आला होता, लढाईच्या आधीचा. त्याचा मालक अभिमानाने सांगायचा की हा मुंबईत जुळवलेला आहे. खरंच असणार. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, गाड्यांचे सुटे भाग बोटीने यायचे आणि तिथे जोडले जायचे. १९५४ ला तो बंद झाला. आप्पांनी त्या ट्रकचा हौदा सागवानात बांधला होता. त्यांचं पहिलं स्वतंत्र काम.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू कोनाकोनी माप घेतलं नव्हतंस."

मग म्हणाले, फाळका लावून दाखव. मी फाळका उचलला, दोन्ही बाजूंच्या साखळ्या आकड्यात अडकवल्या. "उघड आणि सोड." सोडला. खळ्ळ करून साखळ्या ताणल्या आणि पत्र्यावर आपटल्या.

"रंग जाईल तिथला. सायकलची जुनी ट्यूब आहे का?"

मुलीच्या सायकलची होती. दोन वीतभर तुकडे कापले, साखळ्या त्यातून ओवल्या, पुन्हा आकड्यात टाकल्या. फोन फाळक्याजवळ धरून सोडला. या वेळी धप्प एवढाच आवाज.

आप्पा म्हणाले, "हां. आता ठेव फोन, जेवायला बसतोय."