गाडी किती चालते ते नंतर, रात्री उभी कुठे असते?

इंदूरहून कुणाचाही फोन आला की दोन मिनिटांत विषय गाडीवर येतो. घरात गाड्यांचं वेड कुणाला आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यातून मी राहतो ऑस्लोत, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या माहेरघरी. प्रश्नही ठरलेला असतो, "एका चार्जमध्ये किती जाते रे?" सुदामानगरच्या मामांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, "मामा, आधी सांगा, तुमची गाडी रात्री उभी कुठे असते?"

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, याचं निम्म्याहून जास्त उत्तर या एका प्रश्नात आहे, असं माझं ठाम मत आहे. पोर्चमध्ये किंवा मल्टीच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, पार्किंगमध्ये हक्काचा प्लग असेल, तर गाडी रोज सकाळी भरलेली मिळते आणि रेंज हा विषय डोक्यात येत नाही. प्लग नसेल, तर पाचशे किलोमीटरवालीही चार दिवसांनी चार्जर शोधायला लावते.

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. "श्रीमंत देश, त्यांना काय!" असं आपल्याकडे लगेच म्हणतात. पैसा आहेच, पण त्यामागे कित्येक वर्षांचं धोरणही आहे. १९८९ मध्ये आ-हा या इथल्या पॉप बँडचा गायक मोर्टन हार्केट आणि बेलोना या पर्यावरण संघटनेची मंडळी इलेक्ट्रिक करून घेतलेली फियाट पांडा घेऊन टोलनाक्यावरून पैसे न भरता जायची. त्याचा बराच बोभाटा झाला. पुढे १९९७ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, २००१ मध्ये त्यांच्यावरचा व्हॅट गेला. मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो फ्लॅटवाल्यांसाठीचा कायदा. रहिवाशाने चार्जर मागितला, तर सबळ कारण असल्याशिवाय इथल्या सोसायटीला नाही म्हणता येत नाही.

आता थंडीचं. पारा उणे पंधरावर गेला की रेंजचा चौथा हिस्सा सहज जातो, हायवेवर त्याहून जास्त. गार बॅटरी चार्जही हळू घेते. पण निघायच्या अर्धा तास आधी मोबाइलवरून हीटर लावला की काचेवरचा बर्फ वितळलेला असतो, आतली सीट उबदार असते, आणि ही वीज प्लगमधूनच आलेली असते. या सुखाची सवय झालेला माणूस परत पेट्रोलकडे जात नाही.

कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे ब्रेक. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे खरे ब्रेक फारसे लागतच नाहीत. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. न वापरलेल्या मागच्या डिस्कवर आधी तांबूस थर येतो, मग खरखरीत खड्डे पडतात, आणि सक्तीच्या तपासणीत गाडी नापास होते. उपाय सोपा आहे. रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, म्हणजे मोटर मध्ये पडत नाही, आणि ब्रेक चांगला दाबायचा. सुरुवातीला डिस्क करकरते, चार-सहा वेळा दाबल्यावर आवाज जातो. इंदूरला मीठ नाही, पण पावसाळा आहे, तेव्हा ही सवय तिथेही लावून घ्या. आणि गाडीची यंत्रणा चालू करणारी ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही मेली की गाडी जागची हलत नाही.

आपल्याकडचा शत्रू म्हणजे ऊन. थंडी रेंज तात्पुरती खाते, उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो. मे महिन्यात गाडी पूर्ण भरून दिवसभर उन्हात ठेवणं वाईटच. म्हणून इंदूरच्या माणसाला मी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीची गाडी सुचवतो. टाटाची नेक्सॉन ईव्ही, एमजीची विंडसर यांत तीच आहे. ती थंडीत जरा मंदावते, पण उष्णता जास्त सोसते आणि शंभर टक्के चार्ज केली तरी फारशी कुरकुरत नाही.

हिशेबही करून टाकू. छोटी इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट घेते. आठ रुपये युनिट धरलं तर १२० रुपये. लिटरला पंधरा देणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतराला, पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी, साडेसहाशेच्या वर लागतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र दर दुप्पट-तिप्पट होतो आणि फायदा पातळ होतो. म्हणजे फिरून गाडी पुन्हा घरच्या प्लगपाशीच येते.

ओंकारेश्वरला वरचेवर जाणाऱ्यांना एक सांगतो. वाटेतला भेरूघाट उतरताना बॅटरीत थोडी जागा हवी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत मोटरला ऊर्जा परत टाकता येत नाही, मग ब्रेकवरच भार येतो. इथे डोंगराळ भागात मी हॉटेलमध्ये रात्री चार्जिंग नव्वद टक्क्यांवरच थांबवतो, ते याचसाठी.

आणि हो, पेट्रोलवरचं माझं प्रेम काही आटलेलं नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३६ ची ड्यूझनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी घेऊन तिची लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं सरळ इंजिन! असल्या गाडीचा आवाज कुठलीही मोटर देणार नाही. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, त्यावर एकदा तरी मॅन्युअल गियरची गाडी पळवायची माझी फार इच्छा आहे. पण रोजच्या पलासिया ते राजवाडा खोळंब्यात क्लच दाबत बसण्यात मला काही शौर्य दिसत नाही. तिथे इलेक्ट्रिकच हवी. वर्षातून तीन-चारदा गाडीने पुण्याला जाणाऱ्या घरात एकच गाडी असेल, तर तूर्त पेट्रोल किंवा सीएनजी ठेवा, असंच मी म्हणेन.

मामांचं घर स्वतःचं, पोर्चही आहे. त्यांना म्हटलं, शोरूमला जायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं आणि पोर्टेबल चार्जर अशा जागी चालूच होत नाही. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, भार वाढला की वीज तोडणारी वेगळी एमसीबी, सोबत वीजगळती झाली की पुरवठा तोडणारी आरसीसीबी आणि चांगला १६ अँपियरचा सॉकेट. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करा. तिलकनगरला मल्टीत राहणाऱ्या मावसभावाचं काम जास्त अवघड आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला मोकळीक आहे, तरी त्याच्या सोसायटीचे अध्यक्ष आगीच्या भीतीने नको म्हणताहेत. मी त्याला सांगितलंय, भांडू नकोस. वायर कुठून जाणार त्याचा नकाशा, सबमीटर आणि इलेक्ट्रिशियनचं लेखी पत्र असा अर्ज दे. गाडीचं बुकिंग त्यानंतर.