रेटिंगचा हिशेब आणि जोड्या लावणाऱ्याचा हेतू

हरल्यावर ‘सिस्टिमनेच हरवले’ असे म्हणणारे खेळाडू प्रत्येक ऑनलाइन खेळात भेटतात आणि त्यांची तक्रार आपण बहुधा रडीचा डाव म्हणून सोडून देतो. माझ्या मते त्या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. आपले कौशल्य आकड्यात बरोबर मोजले गेले का, हा पहिला. आणि तो आकडा हाती आल्यावर समोरचा प्रतिस्पर्धी कोणत्या हेतूने निवडला गेला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बुद्धिबळाने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसऱ्याबाबत मोठ्या कंपन्या आपल्याला अंधारात ठेवतात, आणि खरा अन्याय तिथे आहे.

अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे, मूळचे हंगेरीचे अर्पाड एलो यांची रेटिंग, म्हणजे कौशल्याचा आकडा, काढण्याची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे गणित शाळकरी मुलालाही कागदावर पडताळता येते. १६०० रेटिंगचा खेळाडू १४०० च्या खेळाडूशी खेळला, तर त्याच्याकडून डावामागे सरासरी ०.७६ गुणाची अपेक्षा धरतात (विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा). प्रत्यक्ष गुण आणि अपेक्षा यांतल्या फरकाला ज्याने गुणतात तो बदलाचा गुणक २० असेल, तर जिंकल्यावर त्याचे रेटिंग सुमारे ५ ने वाढते आणि हरल्यावर सुमारे १५ ने घटते. पुढे संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी रेटिंगसोबत त्याच्या अनिश्चिततेचाही आकडा ठेवला. ‘लिचेस’ या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नवे खाते १५०० पासून सुरू होते आणि त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते, कारण यंत्रणेलाच त्याची अजून खात्री नसते, म्हणून सुरुवातीच्या डावांत रेटिंग मोठ्या उड्या घेते आणि नव्या नावाने आलेला तगडा खेळाडू नवशिक्यांमध्ये फार काळ लपून राहत नाही.

या पद्धतीतही दोष शिरतात. भराभर सुधारणाऱ्या मुलांचे रेटिंग त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहते. खुल्या स्पर्धांत त्यांच्याशी खेळणाऱ्या मोठ्यांचे गुण मग विनाकारण झिजतात, आणि भारतासारख्या, मुलांचा ओघ मोठा असलेल्या देशात ही झीज विशेष जाणवते. फिडेने १८ वर्षांखालील, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूंसाठी गुणक ४० ठेवला, तरी ती पुरती थांबली नाही. अखेर मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालच्या सर्वांचे रेटिंग एकदाच वाढवण्यात आले: २००० पासून जितके अंतर, त्याच्या ४० टक्के भर. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७०० झाले. या सूत्रावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण तो होऊ शकला, कारण सूत्र सर्वांसमोर होते.

कंपन्यांच्या खेळांत नेमके हेच घडत नाही. ‘व्हॅलोरंट’ या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात पडद्यावर दिसणारी श्रेणी वेगळी असते आणि जोड्या लावताना मुख्यतः ज्याच्यावर भिस्त असते तो आकडा वेगळा, झाकलेला असतो. २०१७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी सहलेखन केलेल्या एका शोधनिबंधात, बरोबरीच्या लढती लावण्याऐवजी खेळाडू खेळ सोडून जाऊ नये या बेताने जोड्या लावण्याची पद्धत मांडली गेली. त्याच वर्षी ‘ॲक्टिव्हिजन’ या दुसऱ्या खेळ-कंपनीला, खेळातील वस्तू विकत घ्याव्याशा वाटतील अशा जोड्या लावण्याचे पेटंट मिळाले, ते कोणत्याही खेळात वापरलेले नाही, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानले, तरी बाहेरच्या माणसाला ते तपासण्याचा मार्ग नाही, ही माझी हरकत कायम राहते.

दुसरी बाजूही मला मान्य आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या आपल्या नेमबाजीच्या खेळात कौशल्याला कमी महत्त्व देऊन जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा कौशल्यात वरचे १० टक्के खेळाडू सोडून बाकीच्यांचे खेळाकडे परतणे घटले, असे ॲक्टिव्हिजनने २०२४ मध्ये जाहीर केले. मला हा निष्कर्ष पटतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी नको म्हणणाऱ्या निष्णात खेळाडूंना बहुतेक वेळा सोपे बळी हवे असतात, आणि त्यांच्या करमणुकीसाठी नवशिक्यांनी दररोज मार खावा, यात कसला न्याय?

म्हणूनच कौशल्य पाहून जोड्या लावायला माझा विरोध नाही. निकष लपवण्याला आहे. शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो अशा ‘बॅटल रॉयल’ प्रकारच्या मोबाइल खेळांत खालच्या श्रेणींमध्ये माणसांबरोबर बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते खेळाडूही उतरवले जातात. रात्ररात्र जागून रँक पुश करणाऱ्या, म्हणजे श्रेणी वर नेऊ पाहणाऱ्या, मुलाने त्यातले किती प्रतिस्पर्धी खरे होते, हे जाणून घ्यायचे ठरवले तर सामन्यानंतर त्याला तो आकडा दिसला पाहिजे, आणि जोडी लावताना कौशल्य, इंटरनेटचा वेग व प्रतीक्षेचा वेळ यांना किती वजन दिले हेही कळले पाहिजे. निकष उघड केले तर खेळाडू त्यांचा गैरफायदा घेतील, हा बचाव मला पटत नाही, कारण लिचेसवर रेटिंग कसे काढतात आणि जोड्या कशा लावतात याचा कोड कोणालाही वाचता येतो आणि तिथे रोज लाखो डाव व्यवस्थित खेळले जातात.