नाक दाबलं की…

सोमवारी दुपारी, म्हणजे पुण्यात कोणी कोणाची बेल वाजवू नये अशा वेळी, मी गॅलरीत गेलो तर कपड्यांच्या दोरीवर एक नाक लटकत होतं. निळ्या रबराचं. वर डोळ्यांपुरती काच, बाजूला नारिंगी टोकाची नळी, आणि पडू नये म्हणून दोन्हीकडून बायकोचे चिमटे. खाली वर्तमानपत्रावर भाचीचे बूट उपडे घातलेले. बुटांतून लाल माती सुटली होती आणि शेजारच्या सॅकच्या कप्प्यातून वाळू. वॉशिंग मशीनमध्ये यातलं काय काय जाऊन बसलं असेल याबद्दल आतून बायकोचं बोलणं चालू होतं. ते कोणाला उद्देशून नव्हतं, त्यामुळे मी ऐकलं नाही.

भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. तिच्या ग्रुपने एका शनिवार-रविवारात डोंगर आणि समुद्र दोन्ही उरकले. शुक्रवारी रात्री कोथरूडहून टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी कुडाळ तालुक्यातलं नारूर, तिथून जंगलातून चढून रांगणा किल्ला, रात्री मालवण, रविवारी सकाळी सिंधुदुर्गाजवळच्या खडकांत स्नॉर्केलिंग (म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचं बघायचं), पुन्हा रात्रभर गाडी आणि सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल. आमच्या वयाची माणसं एवढ्या वेळात जायचं की नाही यावर चर्चा करतात, आणि शेवटी घरी भजी करतात.

खरं तर मास्क बोटीवर मिळतो, पैशात धरलेलाच असतो. पण निघण्याच्या आदल्या आठवड्यात भाची जेवताना हे बोलून गेली आणि बायकोने आमटीचा डाव खाली ठेवला. "म्हणजे कोणी कोणी तोंडात धरलेली नळी तू तोंडात घालणार?" धुतात गं मामी, औषधाच्या पाण्यात बुडवतात, वगैरे बाजू मांडून झाली. पण उष्टं ते उष्टं. औषधाने जंतू मरतात, उष्टेपण कुठे जातं? दुसऱ्या दिवशी दोघी लक्ष्मी रोडला जाऊन स्वतंत्र नळी घेऊन आल्या. गंमत पुढे आहे. पाण्यात उतरण्याआधी बोटीवरच्या मुलाने सगळ्यांना पहिली सूचना काय दिली असेल? मास्कच्या काचेला आतून थुंका. थुंकी बोटाने नीट पसरा, मग समुद्राच्या पाण्यात एकदा विसळून लगेच घाला. थुंकीचा पातळ थर काचेवर राहिला की वाफेचे थेंब धरत नाहीत आणि काच धुरकट होत नाही. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात 'येथे थुंकू नये' वाचत वाढलेली पुण्याची मुलं म्हणे क्षणभर एकमेकांकडे बघत बसली. हा भाग बायकोला अजून सांगितलेला नाही.

दुसरी सूचना ही की नाक आहे हे विसरून जायचं. मास्कमध्ये नाक बंद झालेलंच असतं. तरी माणूस सवयीने नाकाने ओढायला जातो, मास्क तोंडावर चिकटतो आणि जीव घाबरा होतो. तोंडाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, सावकाश. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण उसने पैसे वसूल करण्यापुरती ठेवली होती.

मला मात्र हे ऐकून आजोबा आठवले. आजोबांचं आयुष्यभराचं एकच तत्त्वज्ञान होतं, तोंड मिटा. त्याचे दोन्ही अर्थ त्यांना चालत. रविवारी सकाळी ते मला आणि धाकट्या बहिणीला पर्वतीला नेत. पायथ्याशी तांब्यातून प्रत्येकाला एक मोठा घोट पाणी तोंडात भरायला लावत आणि तो घोट न गिळता, न सांडता १०३ पायऱ्या चढायच्या. तोंडात पाणी म्हटल्यावर श्वास नाकानेच घ्यावा लागतो. वर पोचलो की देवळाच्या आधी एका झुडपाशी रांगेत उभं राहायचं आणि आजोबांच्या देखत चूळ टाकायची. चूळ म्हणजे पुरावा. पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या काही वाटत नसे. मग पाणी कोमट व्हायला लागे, त्याला स्वतःचीच चव येई, गाल दुखायला लागत, आणि नेमका तेव्हाच समोरून कोणीतरी ओळखीचा उतरत येऊन "काय, आज पर्वती का?" विचारी. आम्ही फुगलेल्या गालांनी मान हलवायचो. बहीण तर अर्ध्यावरच घोट गिळून टाकत असे आणि उरलेल्या पायऱ्या गालांत नुसती हवा भरून चढे. झुडपाशी तिची पाळी आली की तिला अचानक खोकला येई. आजोबांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण ते बोलले असते तर त्यांचं तोंड उघडलं असतं.

तेव्हापासून चढावर तोंड उघडं टाकून धापा टाकणारा माणूस दिसला की माझं त्याच्याबद्दल मत बनतं. हे बरोबर नाही, पण बनतं. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने रविवारी सकाळी चढणारे बघा. त्यात माझ्यासारख्यांचा एक पंथच आहे. कॅनव्हासचे बूट, हातात काठी, ओठ घट्ट मिटलेले, पुढच्याला "जरा बाजूने" हेसुद्धा काठीनेच सांगायचं. वर पोचून मडक्यातलं दही समोर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मागे सर्दी हटेना म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी बॅटरी मारून सांगितलं की नाकाचं हाड तिरकं आहे आणि डावी बाजू जवळजवळ बंदच आहे. पुण्यात ज्याला विचाराल त्याचं नाकाचं हाड वाढलेलं असतं, ही त्याच नाकाने कांदे सोलायची शिक्षा असावी. मी मात्र घरी येताना खूश होतो. एका नाकपुडीवर इतका सिंहगड!

रांगण्याच्या चढावर भाचीच्या तोंडाला फेस आला. नारूरची वाट सुरुवातीला झाडीतून सरळ जाते आणि मग एकदम अंगावर येते, सावली असली तरी वारा नाही. मागून येणारा लीडर तिला म्हणाला, तोंड मीट, नाकाने घे, पावलं लहान टाक. आजोबांचं वाक्य तिथे जंगलात कोणा परक्या मुलाच्या तोंडून! वर रांगणाईच्या देवळाशी बसून त्यांनी बायकोने दिलेल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता. तळं बघितलं, फोटो काढले, उतरले. एवढा तगडा किल्ला, घाटवाट राखणारा, महाराजांनी जपलेला, आणि भाचीने त्याचं वर्णन "मोठा आहे" एवढ्यावर आटोपलं. रात्री मालवणात सुरमईची थाळी आणि सोलकढी यांवर मात्र ती बराच वेळ बोलली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या बरोबर उलटं.

तिच्या ग्रुपमध्ये टिळक टँकवर लहानपणापासून पोहणारी दोन मुलं होती. त्यांना वाटलं होतं, आपल्याला काय त्यात. त्यांचीच पंचाईत झाली. पोहणाऱ्याला चार हात मारले की मान वळवून श्वास घ्यायची खोड असते. इथे मान वळवली की नळीचं तोंड पाण्यात जातं आणि घसाभर खारं पाणी मिळतं. सगळ्यात आधी जमलं ते लातूरकडच्या एका मुलाला. त्याने समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. तो पोहायला शिकला विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, काकाने वरून ढकलून दिल्यावर. विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्यावर नुसतं पडून राहता येतं, कारण विहिरीत जायचं कुठे? तो पालथा पडला, तोंड पाण्यात घातलं आणि हललाच नाही. तो बुडाला की काय म्हणून बोटीवरून हाका मारल्या, तर त्याने हात वर करून नुसता हलवला.

विहिरीवरून आठवलं. उन्हाळ्यात आम्ही सासवडजवळ आजोळी जायचो. मळ्यातल्या विहिरीला लागून सिमेंटचा हौद होता आणि हौदाशेजारी पपईची झाडं. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. पान मोडून टाकलं की हातभर लांबीची हिरवी नळी तयार. एका टोकाला चीक लागलेला, तो मातीत पुसायचा, तरी ओठांना थोडा कडवटपणा राहायचाच. मामेभाऊ म्हणाला, ही तोंडात धरायची, नाक चिमटीत, आणि हौदाच्या तळाशी जाऊन बसायचं, वरच्यांना पत्ता लागणार नाही. डोकं जेमतेम पाण्याखाली असेपर्यंत जमलं. स्वतःच्या श्वासाचा घुर्र घुर्र आवाज ऐकू यायचा. मग त्याला जोर आला. त्याने दोन देठ एकात एक बसवले, सांध्याला मेण लावलं, छातीवर दगड धरला आणि तळाशी गेला. लगेच वर आला. डोळे लाल. "वरून कोणीतरी बोट लावलं नळीला!" म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या. बोट कोणीच लावलं नव्हतं.

त्याचं उत्तर भाचीच्या नळीमुळे आता मिळालं. ती दीड-दोन वीत असते, चाळीसेक सेंटिमीटर, त्याहून लांब करतच नाहीत. मीटरभर खोल गेलं की छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅमचा जादा भार येतो. मोठ्या माणसाच्या छातीचा हिशोब केला तर सत्तर-ऐंशी किलो सहज होतात. तेवढं ओझं उचलून फुप्फुसं फुगवायची आणि वरची साधी हवा आत ओढायची, हे बरगड्यांना झेपत नाही. शिवाय नळी लांब असली की सोडलेली हवा बाहेर जातच नाही, तीच पुन्हा आत. म्हणजे मामेभावाच्या नळीला पाण्यानेच बोट लावलं होतं. त्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "तूच होतास." चाळीसएक वर्षांचा राग विज्ञानाने जात नाही.

हत्तीला मात्र जमतं. हत्ती सोंड वर काढून आरामात खोल पाण्यातून जातो. पाणबुड्यांच्या श्वास घ्यायच्या साधनाची आणि सोंडेची तुलना ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. म्हणजे नळीची कल्पना जुनीच. इतर सस्तन प्राण्यांत फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये जी पोकळी असते ती हत्तीत नसते, तिथे चिवट ऊती भरलेल्या असतात. हा दाब सहन करण्यासाठीच ती व्यवस्था असावी असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात दुसरंच आलं. इतकी वर्षं आपण अनंत चतुर्दशीला रडवेले होऊन देवाला पाण्यात सोडतो. त्याच्याकडे नळी आहे. काळजी करायचं कारण नव्हतं.

असो. भाचीला विचारलं, दिसलं काय? ती म्हणाली, भारी होतं. म्हणजे काय भारी? खूप भारी. मग पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते, बोटवाल्याने पाव कुस्करून टाकला की घोळक्याने यायचे (मला हे काही पटलं नाही, १९८७ पासून तो सागरी अभयारण्याचा भाग आहे, तिथे माशांना पाव कशाला?), प्रवाळ होतं, त्यावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं होतं. आणि एक एवढा मोठा मासा, असं म्हणून तिने हात पसरले. मी मनातल्या मनात त्यातला पाव हिस्सा कापला. पाण्याखाली काचेतून सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं, हा प्रकाशाचा गुण. बाकीचा मोठेपणा भाचीचा. पण मग ती म्हणाली, "मामा, तिथे कोणालाच काही सांगता येत नाही ना रे. तोंडात नळी. प्राजूला हाताला धरून दाखवायचं म्हटलं तर तोवर मासा गेलेला." अर्धा-पाऊण तास सगळा ग्रुप गप्प होता. या मुलांना मी आमच्या हॉलमध्ये बसलेलं पाहिलेलं आहे, त्यामुळे मला हे माशांपेक्षा नवलाचं वाटलं. फोटोसाठीच जातात ही, असं सोसायटीत जे बोललं जातं त्यातही मग फार अर्थ वाटेना. त्या मास्कमध्ये कोणीही चांगलं दिसत नाही.

दुपारनंतर बहिणीचा फोन आला. तीच ती, पर्वतीच्या अर्ध्यावर घोट गिळणारी. तिने मासे, किल्ला, काही विचारलं नाही. लाईफ जॅकेट घातलं होतंस का? सगळ्यांनी घातलं होतं? पाण्यात असताना बरोबर माणूस होता? भाची "हो गं आई" करत होती आणि डोळे फिरवत होती. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची १४ मुलंमुली मुरुडच्या समुद्रात बुडाली, तेव्हा ही प्राथमिक शाळेत होती. तिला ते नुसतं ऐकून माहीत आहे. त्या संध्याकाळी बहीण फोनवर काही न बोलता बराच वेळ होती, हे तिला माहीत असण्याचं कारण नाही.

फोन ठेवल्यावर ती कुरकुरत म्हणाली, "आमचा लीडर पण असलाच. बोटीत चढताना मोजलं, पाण्यात असताना मोजलं, वर आल्यावर मोजलं. गाडीत झोपलो होतो तर टॉर्च मारून परत मोजलं. आम्ही काय हरवणारे का?"

मोजू दे की. त्याला वाटेल तितक्या वेळा मोजू दे.