विनाकारण उलगडू नये

सोलापुरात चाटी गल्लीच्या अंगाला आमचं एक ठरलेलं चादरीचं दुकान आहे. ठरलेलं म्हणजे आईचं ठरलेलं. तिथं गादीच्या वर, देवाच्या तसबिरीच्या डाव्या हाताला एक पत्र्याची पाटी आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं. ‘चादरी विनाकारण उलगडायला लावू नयेत.’ पाटी जुनी. ‘नयेत’मधल्या ‘न’च्या जागी गंजाचा तांबूस ठिपका पडलाय, त्यामुळे आता ती नुसतीच ‘लावू येत’ अशी वाचावी लागते. धड परवानगी नाही, धड मनाई नाही. मी एकदा मालकांना म्हटलं, “पाटीतला ‘न’ गेलाय.” ते वहीतून मान न उचलता म्हणाले, “वाचतंय कोण ओ?”

मी वाचतो. ही माझी जुनी खोड आहे. दुकानात शिरलो की आधी भिंती वाचतो, मग माल बघतो. ‘चप्पल बाहेर काढावी’ असेल तर काढतो, आणि आत गेल्यावर दिसतं की निम्मी जनता बूट घालून उभी आहे. ‘सुट्टे पैसे द्यावेत’ असेल तर खिसे उलटेपालटे करून मोजून देतो; माझ्या मागचा पाचशेची नोट पुढे करतो आणि त्यालाही ते हसतमुखाने सुट्टे देतात. ‘विनाकारण’ या शब्दाशी तर मी बराच वेळ झगडलोय. चादर उलगडायला कारण कोणतं पुरतं? घ्यायची असेल तर पुरतं, हे उघड आहे. पण घ्यायची की नाही हे उलगडल्याशिवाय कळणार कसं? पाटी लिहिणाऱ्याने एवढा विचार केला नसेल, हे मलाही कळतं. पण वाचणाऱ्याला डोकं असतं, त्याला काय करणार.

आईला हा प्रश्न कधी पडला नाही. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात आहेरासाठी चादरी घ्यायच्या होत्या. आम्ही गादीवर टेकतो न टेकतो तोच मालकांनी “या की अक्का, बसा की ओ” म्हणून पंख्याचा रोख आमच्याकडे वळवला. आईने बोटाने दाखवायला सुरुवात केली. फळीवरून पोरगा चादर ओढायचा, दोन टोकं धरून असा काही झटका द्यायचा की ती हवेत पूर्ण पसरून मग गादीवर उतरायची. फट्कन. कोऱ्या सुताचा तो वास, उन्हाच्या तिरिपेत उडणारी सुताची बारीक कूस, आणि समोर अंथरलेला मोर. सोलापुरी चादर ही ओझ्याने ओळखायची वस्तू आहे. मांडीवर घेतली की मांडीला कळतं. जेकार्ड मागावर विणलेली नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. इकडून लालावर पांढरा मोर असेल, तर तिकडून पांढऱ्यावर लाल. म्हणून आई प्रत्येक चादर उलगडून झाल्यावर पुन्हा उलटी करून बघते. मी मोजत होतो. अकरा झाल्या. मोर, कमळ, चौकडा, पुन्हा मोर. मी अवघडून पाटीकडे बघत होतो आणि मालक चहा सांगत होते.

त्यांच्याच भिंतीवर दुसरी पाटी आहे, ‘एकच भाव’. तिचीही तीच गत. आई भाव ऐकते, चादर बाजूला सारते, पोलक्याच्या बाहीने कपाळ पुसते आणि गप्प बसते. मालक म्हणतात, “एकच भाव आहे अक्का.” आई म्हणते, “माहीताय की.” मग पाच मिनिटं दोघं पावसापाण्याचं, उजनीचं, नळाला पाणी किती दिवसांनी आलं याचं बोलतात. शेवटी आकडा खाली येतो आणि दोघांच्याही तोंडात एकच भाव शाबूत राहतो. याच दुकानात मी एकटा आलो होतो तेव्हा मी पाटीवर विश्वास ठेवून सांगितला तेवढा भाव मोजून गेलो होतो. घरी कळल्यावर आई दोन दिवस माझ्याकडे दयेने बघत होती. जी पाटी कुणीच पाळत नाही तिचा दंड शेवटी पाळणाऱ्यालाच बसतो, हे मला तेव्हा उमगलं.

तिसरी पाटी सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तिच्यावर मी एकदा तयारीने गेलो होतो. दुसरं दुकान, नाव नको. तिथून आणलेल्या टॉवेलचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीभर उतरला आणि माझे दोन बनियन गुलाबी करून गेला. मी रीतसर अभ्यास केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असं आहे की सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे ती पाटी सदोष मालापुरती तरी बिनकामाची. (नुसता रंग आवडला नाही म्हणून परत न्याल तर मात्र हे कलम तुमच्या मदतीला येत नाही.) स्कूटरवर पार्क चौकापर्यंत मी हे कलम घोकत गेलो. दुकानात जाऊन पिशवीतून टॉवेल काढला, घसा साफ केला. दुकानदाराने टॉवेलकडे बघितलं, “अरारारा” म्हणाला, आणि फळीवरून दुसरा काढून माझ्या हातात दिला. पाटी त्याच्या डोक्यावरच होती. माझं कलम तोंडातल्या तोंडात राहिलं. इतका जिंकून इतका हिरमुसलेला माणूस त्या गल्लीत त्या दिवशी दुसरा नसेल.

किराण्याच्या दुकानात तर मालकी हक्काचं शास्त्र शेंगदाण्यांच्या पोत्यापाशी रोज शिकायला मिळतं. सोलापूर म्हणजे शेंगाचटणी, म्हणजे शेंगदाण्याचं पोतं दारातच उघडं. त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा: ‘शेंगदाणे खाऊ नयेत’. आणि पोत्याला तीन बाजूंनी टेकलेली तीन माणसं शेंगदाणे खात गप्पा मारत असतात. चौथा बहुधा दुकानदार. माझा एक वकील मित्र आहे, त्याने यावरही तोडगा सांगितला. १८६० च्या दंडसंहितेत ९५ वं कलम होतं: शहाण्यासुरत्या माणसाने तक्रार करू नये इतकी हानी क्षुल्लक असेल तर तो गुन्हा नाही. २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच ३३ वं कलम झालं. इंग्रज गेले, त्यांची संहिताही गेली, पण शेंगदाण्याचं कलम राहिलं. मी तरीही खात नाही. पुठ्ठा आडवा येतो.

याच मित्राने दुकानात शिरणं म्हणजे काय तेही समजावलं होतं. आपण दुसऱ्याच्या मिळकतीत पाऊल टाकतो ते त्याच्या परवानगीने, आणि १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात अशा परवानगीची व्याख्याच आहे; देणारा ती साधारणपणे हवी तेव्हा काढून घेऊ शकतो. मात्र त्याच्या वर संविधानाचं पंधरावं कलम बसलंय: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्या कारणावरून कुणालाही दुकानात यायला आडकाठी करता येणार नाही. मला आवडलं ते. दुकानात शिरण्याचा हक्क संविधानात आहे. चादर उलगडून बघण्याचा नाही. तो मालकाच्या मर्जीत आहे, आणि मर्जी आईला ‘अक्का’ म्हणते.

मालकांची मालकीही तशी ऐसपैसच आहे. ‘दुकानासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ असा फलक त्यांच्या शेजाऱ्याने लावलाय, आणि ज्या रस्त्यावर गाडी लावायची नाही त्या रस्त्यावर त्याचं लोखंडी स्टँड, दोन पुतळे आणि ‘सेल’चं टेबल कायम उभं असतं. रस्ता पालिकेचा. हवा मात्र आजवर कुणाची सुटल्याचं ऐकिवात नाही.

आणि गंमत अशी की या सगळ्या पाट्यांच्या खाली जो माल पडलाय त्याच्या नावावरही एक मालकी आहे, तीही तितकीच पाळली जाते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून ते मिळवणाऱ्या अगदी पहिल्या वस्तूंपैकी या. १९९९ चा त्यासाठीचा कायदा सांगतो की हे नाव या गावाबाहेर विणलेल्या चादरीला लावता येत नाही. आता कुठल्याही शहरात हातगाडीपाशी उभे राहा. “सोलापुरी चादर, सोलापुरी चादर” अशी आरोळी ऐका आणि चादर हातात घ्या. उन्हाकडे धरली तर पलीकडचा रिक्षावाला दिसतो. पुण्यात एका नातेवाइकांनी मला तसलीच चादर पांघरायला दिली होती, “तुमच्याच गावची” म्हणून. मी रात्रभर थंडीत कुडकुडलो, पण बोललो नाही. पाहुण्याने यजमानाचं पांघरूण सोडून कसं दाखवायचं?

तर अकरावी चादर अंथरली गेली तेव्हाची गोष्ट. दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिवळी पिशवी, पदर खोचलेला, कुठून तरी काम आटोपून आलेली. मालकांचं तोंड आमच्याकडे होतं. एरवी ते गिऱ्हाईक दारात दिसलं की ओळखतात. कुणाला “बर्री, कूडरी” तर कुणाला “रा अक्का, कूर्चो”. कन्नड, तेलुगू आणि मराठी हे तिन्ही नळ त्यांच्या दुकानात चोवीस तास चालू असतात. या बाईला त्यांनी यातलं काहीच म्हटलं नाही. ती गादीच्या कडेला, न बसता, उभीच राहिली. फळीवरच्या एका निळ्या चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, “ती दाव की.”

पोराने घडी केलेलीच तिच्या हातात दिली. तिने वरून हात फिरवला. “उलगड जरा.”

“मावशी, घ्यायची आहे का? पाटी बघा की.”

मी पाटीकडे बघितलं. मग आमच्या पुढ्यात पडलेल्या अकरा चादरींच्या ढिगाकडे बघितलं, त्यात वरच्या मोराचं तोंड माझ्याच गुडघ्यावर होतं. पाटी इतकी वर्षं कुणालाच लागू नव्हती असं मी समजत होतो. ती लागू होती. फक्त ती अशा वेळेसाठी गुंडाळून ठेवलेली होती. न वापरलेला नियम मालकाच्या गल्ल्याशेजारी पडून असतो आणि कुणासाठी बाहेर काढायचा हे तोंड बघून ठरतं. आमचं तोंड चाललं. ‘विनाकारण’चा अर्थ मला इतके दिवस लागत नव्हता, तो असा लागला. पोराचाही राग येईना. सकाळपासून त्याने किती चादरींना झटका दिला असेल आणि किती घड्या घातल्या असतील, त्याच्या खांद्याला विचारावं. पण मग तो राग आमच्या अकरा चादरींवर निघायला हवा होता.

मी काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. सवयीने कलमापासूनच सुरुवात करणार होतो. तेवढ्यात बाईने मान वर केली, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर लावत पाटी मोठ्याने वाचली. “चा-द-री… वि-ना-का-रण… उलगडायला लावू… येत.” थांबली. पोराकडे वळून म्हणाली, “येतंय की. लिवलंय की मालकानं.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मालकच पहिल्यांदा हसले. पोट धरून, वही मिटून. पोरगा पाटीकडे बघायला लागला. इतक्या महिन्यांत त्याने ती पहिल्यांदाच वाचली असावी. “उलगड रे, उलगड,” मालक डोळे पुसत म्हणाले. “बसा की मावशी.”

निळी चादर हवेत पसरून उतरली. बाईने तिची कड अंगठ्याने चोळली, उलटी करून बघितली, एक टोक उचलून गालाला लावलं. मग आणखी एक बघितली, हिरवी. भाव विचारला. एकच भाव होता. ती जरा वेळ गप्प बसली, पण पावसापाण्याचं काही बोलली नाही. “पोरीला घेऊन येते,” म्हणाली. “तिलाच द्यायची आहे. तिच्या डोळ्याला आली पाहिजे.”

मालकांच्या चेहऱ्यावरून ‘विनाकारण’ची एक सावली सरकून गेली, मी बघितली. पण उठताना बाईने निळ्या चादरीची आपल्याकडची दोन टोकं चिमटीत धरली होती. सोलापुरी चादरीची घडी एकट्याने नीट बसत नाही. जड असते, मधे झोळ पडतो. पोराने नाइलाजाने पलीकडची दोन धरली. दोघांनी ताणून झटकली, टोकाला टोक लावलं, ती दोन पावलं त्याच्याकडे चालत गेली, आपली टोकं त्याच्या हातात दिली आणि खाली लोंबलेली दुमड उचलून घेतली. मग हिरवीचंही तसंच. काठाला काठ जुळलेल्या दोन घड्या फळीवर गेल्या आणि बाई पिशवी उचलून गल्लीत दिसेनाशी झाली.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. तिने चष्मा सारखा केला, आमच्या ढिगातला वरचा मोर माझ्या गुडघ्यावरून ओढून काढला आणि म्हणाली, “धर रे तिकडून.”