तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रंगांत काय बघता?

आर्ट गॅलरीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘जुनी धार्मिक चित्रं समजू शकतो, पण त्या नुसत्या रंगांच्या चौकोनांपुढे तुम्ही अर्धा-अर्धा तास काय बघत बसता?’

खरं सांगते, त्या चौकोनांपुढे बसायला मला जुन्या धार्मिक चित्रांनीच शिकवलं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुच्चो या जुन्या इटालियन चित्रकाराचं एक लहानसं चित्र आहे, जेमतेम दीड फुटाचं. येशू एका जन्मांधाला दृष्टी देतो तो प्रसंग. आंधळा त्यात दोनदा आहे. एकदा येशूचं बोट त्याच्या डोळ्यावर टेकलंय, आणि अगदी उजव्या कडेला तोच माणूस, हातातली काठी सुटलेली, मान वर करून बघतोय. काय बघतोय? तिथं तर चित्रच संपतं. मी कितीतरी वेळ त्याच्या नजरेमागे जाऊन रिकाम्या भिंतीवर पोचत होते. मग कळलं, हा इटलीतल्या सिएनाच्या कॅथीड्रलमधल्या प्रचंड वेदीचित्राचा, म्हणजे चर्चच्या वेदीवर मांडायच्या चित्राचा, तुकडा. १३११ साली ते वाजतगाजत तिथं नेलं होतं आणि १७७१ मध्ये करवतीने कापून सुटं केलं. मूळ मांडणीत याच्या शेजारी येशूच्या तेजस्वी रूपाचं चित्र असावं, असं अभ्यासक मानतात. नवी दृष्टी मिळालेला माणूस पहिल्यांदा तेज बघत होता!

आणि त्या चित्रातलं सोनं. तांबड्या मातीच्या अस्तरावर वर्ख चढवून घोटलेलं ते सोनं मेणबत्तीच्या उजेडासाठी होतं. ज्योत हलली की तेही हलायचं. गॅलरीतला दिवा हलत नाही, म्हणून आपण हलायचं. गुडघे जरा वाकवा, डावीकडून उजवीकडे सरका. सपाट पिवळा रंग वाटत होता तो एकदम पेटतो. चित्रात काय ‘दाखवलंय’ याच्याशी त्या क्षणाचा काही संबंध नसतो. समोर उभं राहिल्याशिवाय तो मिळत नाही, एवढंच.

मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराच्या त्या रंगांच्या चौकोनांपुढे मला हेच सापडलं. १९५८ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधल्या एका उंची रेस्टॉरंटसाठी चित्रांचं काम घेतलं, पुढे माघार घेतली आणि त्यांतली नऊ चित्रं लंडनच्या टेट गॅलरीला दिली. ती लंडनला पोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० ला, त्याचं निधन झालं. काळपट तांबडे, किरमिजी, खिडकीच्या चौकटीसारखे आकार. मंद उजेडात पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. बहुतेक जण तिथूनच निघून जातात, आणि मला दर वेळी वाटतं, त्यांना हाताला धरून थांबवावं.

मालेविच या रशियन चित्रकाराने तर १९१५ च्या पेट्रोग्राडमधल्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात आपला काळा चौकोन मुद्दाम कोपऱ्यात, छताला लागून टांगला. रशियन घरांत पवित्र प्रतिमांची जागा ती. धर्म आणि आधुनिक कला यांत मी उगाच नातं जोडते असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हेच सांगते.

म्हणून मी आधी त्या आंधळ्याला भेटते आणि मग रॉथकोकडे जाते. बाकावर बसते. डोळे अंधाराला सरावतात, आणि मघाशी नुसत्या काळ्या वाटलेल्या पट्ट्याच्या कडेला हळूहळू तांबडं दिसायला लागतं.