विळ्यावरचं तांबं

उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं?

अमेरिकेत बोल्डरच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना माझा पहिला तास या प्रश्नानेच सुरू होतो. समोर काचेच्या भांड्यात पाणी खळखळत असतं (हे गाव सोळाशे मीटरवर, इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं) आणि मुलं मोबाइलवरून मत देतात: हवा, वाफ, की हायड्रोजन-ऑक्सिजन? पडद्यावर मतांचे खांब उभे राहतात. माझ्या वर्गात हायड्रोजन-ऑक्सिजनचा खांब हमखास उंच होतो. उत्तर मी लगेच सांगत नाही. शेजारच्याशी वाद घाला आणि पुन्हा मत द्या. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली ही रीत.

मग ‘फेट’ उघडते. २००१ चं नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये याच विद्यापीठात सुरू केलेली ही मोफत सिम्युलेशन्स. पाणी तापवलं की रेणू सुटे होऊन उधळतात, पण लाल ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेले दोन पांढरे हायड्रोजन एकत्रच राहतात. वर्गातून ‘अरे!’ असा आवाज येतो. तो ऐकण्यासाठी मी तास तास तयारी करते.

पण एकदा एका मुलीने वहीत तांब्याचा एकेक अणू तांबूस रंगवला आणि मी हबकले. पडद्यावरचे रंगीत गोळे तिने खरे मानले होते. अणूला एकट्याने रंग नसतो, हे माझ्याकडून सांगायचं राहून गेलं होतं.

तेव्हा मला निफाडची आमची द्राक्षबाग आठवली. छाटणीनंतर नाना बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, करतात: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं कालवून एकत्र करायचं आणि त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मिश्रणात मोकळं तांबं उरलेलं असतं, ते लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून पाण्यात जातं.

नाशिकला एफवायबीएससीला असलेल्या माझ्या भाचीने त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं. पातं वर येण्याआधीच मी व्हिडिओ थांबवते आणि मत मागते. ‘गंज’ म्हणणारे पुष्कळ निघतात. पातं दिसलं की कागदावर इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते लिहायचं, आणि त्यानंतरच सिम्युलेशन. आता हाच क्रम मी सोडत नाही.

भाचीलाही मी तसंच करायला सांगते. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात. “मावशी, आधी अंदाज लिहिला की चुकलेलं लक्षात राहतं,” असं ती परवा म्हणाली. प्रॅक्टिकलला अनुमापनाआधीही (टायट्रेशन) ती आता अंदाज लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात इथल्या एका मुलाने विचारलं, चुना पुरला का ते पाहायला सामू (पीएच) मोजायची कागदी पट्टी असताना व्हिडिओतले आजोबा विळा का वापरतात? शनिवारच्या कॉलवर मी नानांना विचारलं. “पट्टी घरात राहते गं, विळा कायम हातात असतो,” नाना म्हणाले.

पुढच्या फवारणीला भाची दोन्ही एकाच चौकटीत टिपणार आहे, डावीकडे पट्टी आणि उजवीकडे विळा.