ओटा, स्पेसर आणि दोन मिलिमीटरची हुज्जत

आमच्या परभणीच्या घरातला ओटा काळ्या कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यामुळे लिंबू-चिंच सांडून सांडून त्याची चकाकी कधीच गेली होती. ओटा फोडायचा नाही, त्यावरच टाइल्स बसवायच्या, इथवर घरात सगळ्यांचं जमलं. हुज्जत सुरू झाली ती मी दोन मिलिमीटरच्या स्पेसरचं, म्हणजे टाइल्समधे सारखी फट राहावी म्हणून खोचायच्या प्लास्टिकच्या तुकड्यांचं, पाकीट आणल्यावर.

"ताई, फटी कशाला ठेवायलाव? चिटकून बसवतो, पांढरं सिमेंट फासलं की झालं," मिस्त्री म्हणाले. आत्याबाईंनी त्यांचीच री ओढली. फटीत हळद जाणार, मुंग्या लागणार. हळदीचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण टाइल्स चिटकून बसवल्या तरी फट राहतेच, फक्त केसाएवढी. तिच्यात ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, शिरत नाही, तेल-पाणी मात्र बिनबोभाट शिरतं.

मी वाद न घालता खोक्यातल्या चार टाइल्स एकावर एक ठेवल्या आणि मिस्त्रींना कडेवरून नख फिरवायला सांगितलं. नख अडखळलं. खोक्यावर 300 बाय 300 मिमी छापलेलं असलं तरी प्रत्येक टाइलच्या मापात थोडा फरक असतोच. चिटकून लावत गेलं की तो फरक साठत जातो आणि पाच-सहा टाइल्सनंतर उभ्या-आडव्या रेघा जुळत नाहीत. सांधा ठेवला की तो फरक सांध्यात जिरतो. मिस्त्री म्हणाले, "बरं, लावून बघू."

आधी टाइल्स कोरड्या मांडल्या. हे काम कंटाळवाणं, पण सगळा हिशेब इथेच कळतो. ओटा 8 फूट, म्हणजे साधारण 2438 मिमी. आठ अख्ख्या टाइल्स आणि मधले सात सांधे मिळून 2414. आणखी एक सांधा सोडला की शेवटी 22 मिमीची चिंधी उरते. ती कापताना तुटते आणि दिसतेही भिकार. म्हणून मधे सात अख्ख्या आणि दोन्ही टोकांना 161 मिमीचे तुकडे घेतले. ओट्याची रुंदी 2 फूट म्हणजे 610 मिमी, दोन टाइल्स आणि एक सांधा मिळून 602. मागची उरलेली फट नंतर भिंतीच्या टाइल्सखाली झाकली गेली.

कडप्पा ग्राइंडरने खरबरीत करून, धूळ पुसून, गुळगुळीत दगडावर चालणारा अ‍ॅडहेसिव्ह खाचांच्या थापीने लावला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यावर लगेच साय धरते, म्हणून एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरताच पसरायचा. तेही सकाळी.

स्पेसर चौकात आडवे दाबायचे नाहीत. प्रत्येक कडेला दोन, उभे खोचायचे, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह दगड व्हायच्या आत उपसता येतात. आडवे आतच राहिले तर त्यांच्यावर ग्राउटचा पातळ पापुद्राच बसतो, आणि तो पुढे उडतो. स्पेसरने अंतर सारखं राहतं. रेघ सरळ राहायला गुण्या आणि दोरी लागतेच. पातळी बघायला लेव्हल वेगळी.

आत्याबाईंच्या हळदीसाठी इपॉक्सी ग्राउट घेतलं. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग, पण ते पाणी पीत नाही, डागही सहसा धरत नाही. रेझिन, हार्डनर आणि पावडर एकत्र केली की घड्याळ सुरू! मिस्त्री सगळं एकदम कालवायला निघाले होते. मी थोडं थोडं कालवायला लावलं. टाइलवर पसरलेलं ओल्या स्पंजने तिथल्या तिथे पुसावं लागतं, वाळलं की खरवडत बसा.

भिंत आणि ओटा मिळतात त्या कोपऱ्यात आणि सिंकच्या कडेला मात्र ग्राउट भरू दिलं नाही. तिथे दोन्ही बाजू आपापल्या तालाने हलतात, कडक ग्राउटला तडा जातो. तिथे लवचिक सिलिकॉन भरलं, आणि ते सुकेपर्यंत भांडी अंगणातल्या नळावर घासली.